रात्रपाळीतली साखर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मधुमेह झाल्याचं निदान झालं की दवाखान्यातून एक छापील कागद हातात मिळतो. सकाळी साडेसहाला उठा, अर्धा तास चाला, आठला नाश्ता, एकला दोन चपात्या आणि वाटीभर उसळ, रात्री आठला हलकं जेवण आणि दहाला झोप. कागद चांगला असतो. त्यात लिहिलेलं काही चुकीचं नसतं. पण रात्री दहाला जो झोपत नाही, ज्याची नोकरीच त्या वेळी ऐन रंगात आलेली असते, त्यानं हा कागद कसा वाचायचा? आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या प्रश्नाबद्दल.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून आहे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो, कविता लिहीत राहिलो आणि पोटासाठी काट्यावर बसलो. भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं वजन घ्यायचं. ऊस गव्हाणीत पडला की रिकामी गाडी परत येते, तिचंही वजन घ्यायचं. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. हंगामात आमच्याकडे तीन पाळ्या चालतात. पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ आणि आठ ते पहाटे चार. दर आठवड्याला पाळी बदलते. गेली सत्तावीस वर्षं नोव्हेंबर ते मार्च माझं घड्याळ असं फिरतं आहे.

२०२४ ची दिवाळी झाली, हंगाम तोंडावर आला आणि कामगारांच्या तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर २१२ निघाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीए१सी नावाची तपासणी असते, ती ९.४ आली. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा ही सरासरी साडेसहा किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह मानतात. म्हणजे वादाला जागाच नव्हती. बातमी काट्यावर पोचायच्या आत गाडीतळावर पोचली. 'शायरसाहेब, एवढी साखर आत गेली, मग पोती कमी का भरली?' असं एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं. साखर कारखान्यातल्या माणसाला साखर झाली, तर लोक हसणारच. मीही हसलो.

हसून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मधुमेहाची जी लक्षणं पुस्तकात दिलेली असतात, ती सगळी रात्रपाळीचीही लक्षणं आहेत. घसा कोरडा पडणं, वारंवार लघवीला जावं लागणं, थकवा, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, वजन उतरणं. रात्रभर जागणारा माणूस पाणी जास्त पितो, म्हणून उठतोही जास्त. दिवसा झोप पुरी होत नाही, म्हणून थकतो. डोळे चुरचुरतात ते जागरणानं, असं तो धरून चालतो आणि त्याचे सोबतीही तसंच धरून चालतात. रात्रपाळीच्या आड हा आजार आरामात वर्षानुवर्षं लपून बसू शकतो. म्हणून जे रात्री काम करतात, त्यांनी लक्षणांची वाट न बघता वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावं.

हा आजार जाड माणसांचा, अशीही एक समजूत आहे. आपल्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र छापून आलं होतं. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. म्हणजे दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या अंगातही चरबी दडलेली असते. माझा पट्टा कॉलेजच्या दिवसांपासून दोनच भोकं पुढे सरकला आहे. तरीही मला मधुमेह झाला, याचं आता मला नवल वाटत नाही.

आणि मी काही एकटा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा जो अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांतले कितीतरी जण आत्ता, हे भाषण चालू असताना, कुठल्या ना कुठल्या पाळीवर असतील. वॉर्डातल्या परिचारिका, एसटीचे चालक, वॉचमन, पोलीस, मागावरचे विणकर, कॉल सेंटरमधली तरुण मुलं.

आता रात्रपाळीचा आणि साखरेचा संबंध काय, ते सांगतो. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं. ते कसं चालतं हे शोधून काढणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ स्वादुपिंडातही आहे आणि यकृतातही. दिवसा आपण जेवतो तेव्हा शरीर साखर जिरवायला तयार असतं. रात्री त्याची दुकान बंद करायची वेळ झालेली असते. तेच जेवण, तेवढंच जेवण, रात्री दोनला केलं तर रक्तातली साखर जास्त चढते आणि उतरायला वेळ लावते. अमेरिकेत पावणेदोन लाखांवर परिचारिकांची वर्षानुवर्षं पाहणी करून २०११ मध्ये निष्कर्ष छापले गेले. वीस वर्षांहून जास्त काळ बदलत्या पाळ्यांत रात्रपाळी केलेल्या परिचारिकांना मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी जास्त होतं. त्यातला बराच भाग वाढत्या वजनाचा होता, पण वजनाचा हिशेब बाजूला काढला तरी २४ टक्के उरतच होते.

त्याच देशात २०२१ साली एक छोटा प्रयोग झाला. एकोणीस धडधाकट तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. काहींना रात्रीही जेवण दिलं, काहींना फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. जागरण तेवढंच करून फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. माणसं थोडी होती, निरोगी होती, त्यामुळे यावरून मधुमेही माणसाला नियम घालून देता येणार नाही. पण माझ्या डब्याकडे बघायची एक दिशा मला त्यातून मिळाली.

त्या कागदाचं मग मी काय केलं? तो घेऊन डॉक्टरांकडे परत गेलो. म्हटलं, 'डॉक्टर, यात सकाळ, दुपार, रात्र लिहिलंय. माझी सकाळ अकराला होते आणि तीही तीन आठवड्यांतून एक आठवडा. मला तीन कागद लागतील.' डॉक्टर तरुण आहेत. ते हसले नाहीत. पेन काढून त्यांनी माझ्या तिन्ही पाळ्या लिहून घेतल्या आणि 'सकाळ-रात्र' हे शब्द खोडून 'पहिलं जेवण' आणि 'दुसरं जेवण' असं लिहिलं. त्यांनी समजावलेली एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. मधुमेहाच्या काही गोळ्या जेवणाला बांधलेल्या असतात, घड्याळाला नाही. मला सुरुवातीला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दिलं होतं. मेटफॉर्मिन एकटं सहसा साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेऊ शकतं. ती गोळी घेऊन माणूस जेवला नाही, किंवा काट्यावर अचानक गर्दी झाली म्हणून डबा तसाच राहिला, तर धोका असतो. पाळी दर आठवड्याला बदलते हे कळल्यावर त्यांनी पुढे ती गोळी बदलून सिटाग्लिप्टीन दिलं. २०२२ मध्ये तिचं पेटंट संपल्यापासून ती आपल्याकडे बरीच स्वस्त झाली आहे. अर्थात मला दिली म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. गोळी डॉक्टरच ठरवतील. पण आपण रात्री काम करतो, हे त्यांना आपण होऊन सांगायला हवं. गर्दीच्या दवाखान्यात ते विचारतीलच असं नाही.

आता माझा रात्रपाळीचा दिवस कसा असतो ते सांगतो. मुख्य जेवण घरून निघायच्या आधी, संध्याकाळी सात वाजता. ज्वारीच्या दोन भाकरी, भाजी, आमटी, काकडी किंवा कांदा. हे पूर्वी डब्यात जायचं आणि रात्री एकला खाल्लं जायचं. आता रात्री डब्यात मूठभर भाजके चणे-शेंगदाणे किंवा वाटीभर मटकी असते. पहाटे चारला सुटलो की घरी येऊन पोटाला आधार म्हणून थोडंसं काही, मग झोप. अकराला उठल्यावर चालणं आणि त्यानंतर दुसरं जेवण.

सगळ्यात अवघड गेला तो चहा. काट्यावरचा चहा ज्यांनी प्यायला आहे त्यांना माहीत आहे, त्यात चमचा उभा राहतो. एका पाळीत सहा चहा व्हायचे. कपात दोन चमचे साखर धरली तर बारा चमचे, म्हणजे साधारण साठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये निरोगी माणसालासुद्धा दिवसभरात वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे, आणि जमल्यास पंचवीसच्या. म्हणजे डब्याला हात लावायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली असायची. आता दोन चहा घेतो, दोन्ही बिनसाखरेचे आणि दोन्ही रात्री बाराच्या आत, नाही तर सकाळची झोप उडते. पहिले पंधरा दिवस तो चहा औषधासारखा लागला. नंतर पहिल्यांदाच चहापत्तीची चव कळली.

झोपेचं मात्र घरच्यांशिवाय जमत नाही. अपुऱ्या झोपेनं इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, साखर वाढते, भूकही वाढते. दिवसाची सहा तासांची अखंड झोप हे माझं एक औषधच आहे. पण आपल्याकडे दिवसा झोपणारा माणूस आळशी वाटतो, त्यामुळे त्याला उठवण्यात कुणाला गैर वाटत नाही. माझ्या बायकोनं खिडकीला जुनी काळी चादर शिवून लावली, दारावरची घंटा बंद केली आणि कुकर अकरानंतरच चढेल असा नियम केला. भाजीवालीलासुद्धा ती फाटकापाशी गाठून सांगते, 'हळू बोला, ते रात्रपाळी करून आलेत.' या एका वाक्यानं माझी जेवढी साखर उतरली, तेवढी कुठल्याच पथ्यानं उतरली नसेल.

साखर मोजायची कशी, हाही प्रश्न होता. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास काही न खाता. रात्रपाळीवाल्याला हे आठ तास सापडणं कठीण. सुदैवानं एचबीए१सीच्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, ती दिवसा-रात्री कधीही करता येते. आणि रोजच्यासाठी छोटं यंत्र आहेच. त्या यंत्राशी माझी लवकर जमली, कारण ते माझ्या धंद्यातलंच आहे. भरलेल्या गाडीचं वजन कळलं, रिकाम्या गाडीचं माहीत नसेल, तर ऊस किती ते सांगता येत नाही. तसंच साखरेचा एकटा आकडा फार काही सांगत नाही. जेवणाआधी किती होती आणि जेवल्यावर दोन तासांनी किती झाली, असे दोन आकडे घ्या. मग कुठल्या पदार्थानं किती चढवली ते कळतं. मी वहीत पाळी, वेळ, पदार्थ आणि दोन आकडे असं लिहितो. पोह्यांनी माझी साखर भाकरीपेक्षा कितीतरी जास्त चढते, हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, त्या वहीनं सांगितलं.

आमच्या घरात आणखी एक प्रश्न उभा राहिला. २०२५ चा रमजान मार्चच्या सुरुवातीला आला, म्हणजे निदान होऊन चारच महिने झाले होते. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत आहे, ती कुराणातच दिली आहे. नंतर बरं वाटेल तेव्हा ते दिवस भरून काढता येतात, आणि ज्याला कधीच शक्य नसेल त्यानं गरिबाला जेवू घालावं. डॉक्टर म्हणाले, 'यंदा नको. औषध अजून बसलेलं नाही, त्यात पाळी बदलते.' मला ते पटलं होतं, पण मन मानत नव्हतं. तेव्हा अम्मी म्हणाली, 'अल्लानं दिलेली सूट नाकारणारा तू कोण लागून गेलास?' त्यापुढे बोलायला काही उरलं नाही. नंतर हिवाळ्यात, दिवस लहान आणि पाळी दिवसाची असताना, डॉक्टरांना विचारून मी काही रोजे ठेवले. बोट टोचून रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही, हेही आमच्या मौलवीसाहेबांकडून विचारून घेतलं होतं. हे मी एवढ्यासाठी सांगतो की उपास सगळ्यांच्याच घरात आहेत. चतुर्थी आहे, एकादशी आहे, नवरात्राचे नऊ दिवस आहेत. उपाशी राहून गोळी घेणं जसं धोक्याचं, तसं उपास म्हणून ताटभर साबुदाण्याची खिचडी खाणंही. उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारलं तर श्रद्धा कमी होत नाही.

तसा आपल्या भाषेचाच या आजाराला विरोध आहे. आनंदाची बातमी गोड असते, बोलणं गोड असावं लागतं, कुणी पास झालं की तोंड गोड करायचं. संक्रांतीला काट्यावर येणारा प्रत्येक गाडीवान तिळगूळ देतो, आणि नको म्हटलं तर त्याला वाटतं, आपलं काही चुकलं. ईदला शीरखुर्मा नाकारणारा मी घरातला पहिला माणूस. आणि गंमत बघा, या आजाराला आपल्या जुन्या वैद्यांनी नावही मधाचंच दिलं. मी आता एक करतो. तिळगूळ हातात घेतो, एक तीळ जिभेवर ठेवतो आणि बाकीचा खिशातल्या पुडीत टाकतो. देणाऱ्याचंही मन राहतं.

श्रोतेहो, इथपर्यंत मी बोललो ते पथ्यपाण्याचं. पण ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण करायला तयार झालो, ती वेगळीच आहे.

माझं निदान होण्याच्या आदल्या हंगामातली ही गोष्ट. गव्हाणीवर एक हंगामी कामगार रात्रपाळीला होता. पहाटे तीनच्या सुमारास तो उभ्या उभ्या झुलायला लागला. खाली उसाची साखळी चालू होती. शेजारच्या माणसानं त्याची कॉलर धरून मागं ओढलं म्हणून तो वाचला. सगळ्यांना वाटलं, झोप आली. कुणी पाणी मारलं, कुणी शिव्या दिल्या. दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. एका म्हाताऱ्या फिटरनं गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला आणि दहा-पंधरा मिनिटांत तो माणसात आला. मग कळलं की तो दोन वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेत होता आणि त्या रात्री जेवला नव्हता. साखर खाली गेली होती.

नंतर मी त्याला विचारलं, 'अरे, कुणाला सांगितलं का नाहीस?' तो म्हणाला, 'चाचा, तुम्ही कायम आहात. मी हंगामी. आजारी म्हणून नाव लागलं तर पुढच्या वर्षी बोलावणं येईल का?'

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण पुढच्या हंगामात माझाच रिपोर्ट आला तेव्हा मला त्याचं वाक्य आठवलं. मी कायम आहे. मला कुणी काढणार नाही. मग सांगायचं कुणी आधी, मी की त्यानं? मी पाळीच्या साहेबांना लेखी दिलं की मला मधुमेह आहे, रात्री एक वाजता मला दहा मिनिटं खायला लागतील, आणि काट्याच्या खोलीत मी एक डबा ठेवणार आहे. साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, 'दहा मिनिटं घ्या, पण डब्यावर झाकण घट्ट ठेवा, मुंग्या फार आहेत.'

त्या डब्यात ग्लुकोजची पुडी आहे, साखर आहे, बिस्किटं आहेत आणि माझं यंत्र आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला मी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं आहे. घाम, थरथर, धडधड, चक्कर, भुकेचा डोंब, बोलण्यात गोंधळ, यांतलं काही झालं तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. बरं वाटलं की काहीतरी खायला द्या. यंत्र हाताशी नसेल तर मोजायला थांबू नका, साखर द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा. पहाटे तीनला झोप आणि कमी झालेली साखर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून मधुमेही माणूस रात्री पेंगायला लागला तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याचा हात धरून बघा. हात गार आणि ओला लागला, तर ती झोप नाही.

डबा ठेवल्यावर पहिला महिनाभर कुणी आलं नाही. मग एकेक जण येऊ लागला, तोही काट्यावर गाडी नसताना, आवाज खाली करून. 'शायर, जरा माझीही बघा की.' बॉयलरवरचा एक, पॅनवरचा एक, दोन ट्रॅक्टरवाले. गव्हाणीवरचा तोही आला. घरच्या यंत्रावरून निदान होत नाही, ते रक्ततपासणीनंच करायचं, पण आकडा बघून माणूस दवाखान्यापर्यंत जातो, एवढं काम ते यंत्र करतं.

एका रात्री बीडकडच्या टोळीतला एक बैलगाडीवान आला. वय माझ्याएवढंच. पायाला चिंधी बांधली होती. उसाचं बुडखं लागून जखम झाली होती, महिना झाला तरी भरत नव्हती. दुखतं का विचारलं तर म्हणाला, 'दुखत न्हाई, म्हणून तर काम चाललंय.' जखम असून दुखत नाही, हीच भीतीची गोष्ट. साखरेनं पायातल्या नसा बधिर झालेल्या असतात. यंत्रावर आकडा आला ३४०. गावाकडे गोळ्या चालू होत्या, ऊसतोडीला निघताना बरोबर आणलेल्या संपल्या आणि इथे कुठे मिळतात ते माहीत नव्हतं. सकाळी पाळी संपल्यावर झोप बाजूला ठेवून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिशीच्या पुढच्या कुणाचीही मधुमेहाची आणि रक्तदाबाची तपासणी तिथे मोफत होते. गोळ्या मिळाल्या, ड्रेसिंग सुरू झालं. पाय वाचला. टोळी परत निघाली तेव्हा त्याच्या बायकोनं तो केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तिला गाठ मारून, कुऱ्हाड-कोयत्याच्या गाठोड्यात सगळ्यात वर ठेवला होता.

माझं म्हणाल तर माझी सरासरी ९.४ वरून ७.१ वर आली आहे. डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि पायांच्या नसा वर्षातून एकदा तपासतो. रोज आंघोळीनंतर आरसा धरून तळपाय बघतो. रात्रपाळी सुटलेली नाही. निवृत्तीला अजून काही हंगाम आहेत.

ज्यांच्या हाताखाली रात्री माणसं काम करतात, त्यांना माझी एक विनंती आहे. कारखाना असो, रुग्णालय असो, आगार असो, तुमच्याकडे असा एक डबा ठेवा. त्याचा खर्च एका सत्काराच्या हारांपेक्षा कमी आहे. आणि आजार सांगणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीतून गळणार नाही, हे आजच सगळ्यांसमोर सांगून टाका. ज्यांची नोकरी पक्की आहे, त्यांनी आपलं आधी सांगावं, म्हणजे कच्च्या नोकरीवाल्याला बोलायला वाट होईल.

आणि ज्यांच्या घरातलं कुणी आज रात्री कामावर निघालं आहे, त्यांनी डब्यात काय दिलं आहे ते एकदा बघा. उद्या ते परतून झोपतील तेव्हा दारावरची घंटा बंद ठेवा.